सोलच्या नामसान मनोऱ्याची सहल: एक दिवस कसा आखावा

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, कामासाठी किंवा फिरण्यासाठी जाणाऱ्या बहुतेकांच्या यादीत नामसान डोंगरावरचा मनोरा असतो, आणि तरीही तिथून परतलेल्या अनेकांच्या बोलण्यात मला थोडी निराशा ऐकू येते. केबल कारच्या रांगेत बराच वेळ, मग लिफ्टची रांग, वर पोहोचल्यावर काचेपलीकडे दिसणाऱ्या करड्या इमारती आणि शेवटी परतीची रांग, असा त्यांचा दिवस गेलेला असतो. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो वसंतातल्या एका धुरकट दुपारी, आणि मलाही याहून वेगळे काही दिसले नाही. दुसऱ्या खेपेला ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत, जुन्या तटबंदीच्या कडेने चालत वर गेलो, तेव्हा हा डोंगर शहराच्या मधोमध का आहे आणि त्यावर चढून काय पाहायचे असते, हे उमगले. त्यामुळे या सहलीची आखणी करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, डोंगर पायांनी पाहावा, मनोरा त्यानंतर पाहावा आणि माथ्यावर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचावे.

सर्वांत आधी दिवसाची निवड करावी. कोरियात मार्च ते मे या काळात गोबी वाळवंटाकडून आणि उत्तर चीनकडून येणारी पिवळी धूळ अधूनमधून शहरावर पसरते आणि अशा दिवशी समोरचा डोंगरही पुसट होतो. जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत तिथला पावसाळा असतो आणि मनोऱ्याचा माथा ढगात असण्याची शक्यता मोठी असते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा माझ्या मते सर्वोत्तम काळ आहे, कारण हवा कोरडी व नितळ असते आणि उतारावरची झाडे लाल-पिवळी झालेली असतात. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चेरीचा बहर असतो, पण तेव्हा धुळीची जोखीम पत्करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत हवा पुष्कळदा सुंदर असते. मात्र पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि माथ्यावर वारा अंगाला झोंबतो, म्हणून कानटोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट यांशिवाय वर जाऊ नये.

हवेचा अंदाज घेण्यासाठी एक सोय खुद्द मनोऱ्यानेच केलेली आहे. अंधार पडल्यावर त्याच्यावर सोडलेल्या प्रकाशाचा रंग त्या दिवशीच्या हवेतील सूक्ष्म धुळीवरून ठरतो: निळा रंग स्वच्छ हवेचा, हिरवा मध्यम हवेचा, पिवळा खराब हवेचा आणि लाल अतिशय खराब हवेचा. सोलमध्ये उतरल्यावर पहिल्या संध्याकाळी शहराच्या मध्यभागातून मान वर करून हा रंग पाहावा आणि सलग निळा दिसू लागला की दुसऱ्या दिवशीचा बेत पक्का करावा. याच कारणासाठी मनोऱ्याचे तारखेचे तिकीट मुंबईहून किंवा पुण्याहून निघण्यापूर्वीच घेऊन ठेवू नये. दोन-चार पैसे वाचतात, पण दिवस निवडण्याचे स्वातंत्र्य जाते.

तयारी फार लागत नाही. टी-मनी हे प्रवासाचे कार्ड विमानतळावर किंवा कोणत्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळते आणि मेट्रो व बस दोन्हींसाठी चालते. बसमध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा, ते यंत्राला टेकवावे, म्हणजे पुढच्या गाडीत बदल करताना सवलत मिळते. पायी रस्ता शोधण्यासाठी आपल्या सवयीच्या नकाशावर विसंबू नये. कोरियात नेव्हर किंवा काकाओ या तिथल्या कंपन्यांचे नकाशे पायवाटा आणि मेट्रोची नेमकी दारे दाखवतात. पाण्याची बाटली, पायात रुळलेले बूट आणि उन्हाळ्यातही एखादे हलके जाकीट एवढे जवळ असावे.

सकाळ डोंगराच्या उत्तर पायथ्याशी घालवावी. मेट्रोच्या चुंगमुरो स्थानकावर उतरून काही मिनिटे चालले की नामसानगोल हानोक गाव लागते. शहराच्या निरनिराळ्या भागांतील जुनी लाकडी घरे उचलून या ठिकाणी पुन्हा उभारली आहेत आणि १९९८ पासून ती लोकांसाठी खुली आहेत. ओंडोल नावाची, जमिनीखालून उष्णता खेळवणारी पद्धत, कागदी दारे आणि कौलांचे वळणदार पाखे येथे निवांत पाहता येतात. आवाराच्या वरच्या अंगाला एक गोलाकार जागा आहे. सोल राजधानी झाल्याला ६०० वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने १९९४ मध्ये तेथे एक कालपेटी पुरण्यात आली आणि ती २३९४ मध्ये, म्हणजे राजधानीच्या हजाराव्या वर्षी, उघडायची आहे. या भागाला दीड-दोन तास पुरेसे होतात.

दुपारच्या जेवणासाठी मेट्रोच्या चौथ्या मार्गाने दोन स्थानके पुढे, होएह्यन येथे उतरावे. दाराबाहेरच नामदेमुनचा बाजार आहे. शाकाहारी मंडळींनी येथे थोडे सावध राहावे, कारण भाज्यांच्या दिसणाऱ्या रश्शातही सुकवलेल्या मासळीचे पाणी असते आणि नूडल्सच्या गल्लीतील बहुतेक वाडगे त्याच पाण्यावर तयार होतात. भात, भाज्या आणि तिखट चटणी एकत्र कालवून खायचा बिबिमबाप हा त्यातल्या त्यात सोयीचा पदार्थ. तो मागवताना ‘गोगी प्पेजुसेयो’, म्हणजे मांस वगळा, असे सांगावे आणि अंडे नको असल्यास तेही स्पष्ट करावे. साखर, दालचिनी आणि दाणे भरून तव्यावर दाबून भाजलेले होत्तक हे गोड पदार्थांत सुरक्षित, आणि चढणीच्या आधी पोटाला आधार देणारे आहे. ज्यांच्या घरी काटेकोर शाकाहार आहे त्यांनी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बरोबर ठेवावा. माथ्यावर बसून खाण्यासारख्या जागा आहेत. डोंगराच्या उत्तर उतारावर, केबल कारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, ‘नामसान दोनकात्सु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसाच्या कटलेटची दुकाने ओळीने आहेत, आणि सोलची माणसे मनोऱ्याच्या सहलीशी त्या पदार्थाची सांगड घालतात.

खरी सहल यानंतर सुरू होते. सूर्यास्ताच्या सुमारे तीन तास आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात दुपारी तीनच्या सुमारास, डिसेंबरात सव्वादोनला आणि जूनमध्ये पाचच्या आसपास, बाजाराच्या पश्चिमेला असलेल्या सुंगन्येमुन या महाद्वारापाशी यावे. लोक याला नामदेमुन, म्हणजे दक्षिणेचे मोठे दार, असेही म्हणतात. १३९८ मध्ये पूर्ण झालेले हे दार २००८ च्या फेब्रुवारीत एका माणसाने लावलेल्या आगीत होरपळले आणि लाकडी मजल्यांचा मोठा भाग कोसळला. पारंपरिक कारागिरांच्या हातून ते पुन्हा उभे राहिले आणि मे २०१३ मध्ये पुन्हा खुले झाले. खालचा दगडी चौथरा जुना, वरचे काम नवे, हा फरक जवळून लक्षात येतो.

या दाराला जोडलेली तटबंदी नामसानवर चढत जाते. जोसन राजघराण्याचा संस्थापक तेजो याने १३९४ मध्ये राजधानी येथे आणली आणि १३९६ मध्ये चार डोंगरांच्या माथ्यांवरून जाणारा १८.६ किलोमीटरचा कोट बांधवून घेतला. उत्तरेला बुगाकसान, पूर्वेला नाकसान, पश्चिमेला इनवांगसान आणि दक्षिणेला नामसान असे ते चार डोंगर होत. ‘नाम’ म्हणजे दक्षिण आणि ‘सान’ म्हणजे डोंगर. जुन्या कागदपत्रांत याचे नाव मोंगम्योकसान असे येते. संपूर्ण कोटाचे ९७ भाग पाडून प्रत्येक भाग वेगवेगळ्या प्रांतांतून आणलेल्या मजुरांकडे सोपवला होता, आणि काम कोणी केले ते काही दगडांवर कोरून ठेवले होते, म्हणजे भिंत ढासळली तर जबाबदारी कोणाची हे शोधता येत असे. असे कोरीव दगड आजही सापडतात.

सह्याद्रीतील गड पाहणाऱ्या माणसाला तटाचे दगड वाचण्याची सवय असते, आणि ती येथे फार उपयोगी पडते. तेजोच्या काळातील दगड ओबडधोबड, निसर्गतः जसे मिळाले तसे, मधल्या फटींत लहान दगड ठोकून बसवलेले आहेत. १४२२ च्या सुमारास सेजोंग राजाच्या काळात मोठी दुरुस्ती झाली; त्या वेळचे दगड कडा गोलावलेले, मक्याच्या दाण्यांसारखे दिसतात. १७०४ पासून सुकजोंगच्या काळात बसवलेले दगड चौकोनी घडीव आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे त्याहून मोठे व नेटके आहेत. अगदी गुळगुळीत, पांढरट दगड दिसले तर ते अलीकडच्या जीर्णोद्धाराचे समजावेत. एकाच भिंतीत हे सारे काळ शेजारीशेजारी दिसतात, म्हणून या चढणीवर घाई करू नये.

तटाच्या कडेने वर आले की बेकबम चौक लागतो, जेथे स्वातंत्र्यलढ्यातील नेते किम गू यांचा पुतळा आहे. त्याच्या थोडे वर कोरियन क्रांतिकारक आन जुंग-गन यांचे स्मारक आहे. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी चीनमधील हार्बिनच्या रेल्वेस्थानकावर त्यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि २६ मार्च १९१० रोजी त्यांना फाशी देण्यात आली. चापेकर बंधूंची हकीकत ऐकत वाढलेल्या माणसाला या दालनात फारसे समजावून सांगावे लागत नाही. आत अर्धा-पाऊण तास जातो. सोमवारी ते बंद असते, त्यामुळे सहलीचा वार ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

स्मारकाची जागाही मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. जपानी राजवटीत याच उतारावर कोटाचा भाग पाडून शिंतो पंथाचे प्रचंड मोठे देवस्थान उभारण्यात आले, ते १९२५ मध्ये पूर्ण झाले आणि १९४५ मध्ये जपानच्या पराभवानंतर नाहीसे झाले. स्मारकाशेजारच्या उघड्या उत्खननस्थळी जुन्या तटाचा पाया आणि त्या देवस्थानाच्या सभामंडपाचे काँक्रीटचे अवशेष एकाच नजरेत येतात. सोलमधील कोणत्याही संग्रहालयापेक्षा या एका खड्ड्याने मला त्या शहराचे विसावे शतक अधिक स्पष्टपणे सांगितले. येथे थांबणे टाळून थेट वर जाणाऱ्यांचे खरोखर नुकसान होते.

येथून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. धडधाकट माणसाला अर्धा तास लागतो, थांबत गेल्यास पाऊण तास. वाटेत जामदुबोंग नावाच्या कड्यावर एक सज्जा आहे; रेशमाच्या किड्याच्या डोक्यासारखा आकार म्हणून त्याला हे नाव पडले. येथून म्योंगदोंग या बाजारपेठेच्या भागातील उंच इमारती आणि त्यामागे उत्तरेकडील डोंगररांग समोर उभी राहते, आणि छायाचित्रासाठी मधे काच नसते. आजूबाजूच्या पाइन वृक्षांकडेही पाहावे: कोरियाच्या राष्ट्रगीताच्या दुसऱ्या कडव्यात नामसानवरच्या पाइनचा उल्लेख आहे, तो वारा आणि गोठलेले दहिवर सोसून न बदलणाऱ्या वृत्तीची खूण म्हणून.

ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी तीन मार्ग आहेत. होएह्यन आणि म्योंगदोंगच्या मधे, तिसऱ्या नामसान बोगद्याजवळ, काचेची तिरकी लिफ्ट आहे. ती विनामूल्य केबल कारच्या खालच्या स्थानकापर्यंत पोहोचवते. केबल कार १९६२ पासून चालू आहे, तिचा मार्ग ६०५ मीटरचा आहे आणि वर जायला तीनेक मिनिटे लागतात. मात्र सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी तिची रांग फार लांबते आणि वरच्या स्थानकापासून मनोऱ्याच्या पटांगणापर्यंत काही पायऱ्या चढाव्याच लागतात, ही गोष्ट गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाताना विसरू नये. त्यांच्यासाठी चुंगमुरो स्थानकाहून निघणारी ०१ क्रमांकाची बस मला अधिक योग्य वाटते. खासगी मोटारींना वर बंदी असल्याने रस्ता मोकळा असतो, फक्त शेवटच्या थांब्यापासून मनोऱ्यापर्यंतचा छोटा चढ पायी चालावा लागतो. तिसरा मार्ग म्हणजे उत्तरेकडून डोंगराला वळसा घालणारा, वाहनांना बंद असलेला सुमारे साडेतीन किलोमीटरचा सपाट रस्ता. तो माथ्यावर नेत नाही, पण ज्यांना फक्त झाडांतून चालायचे आहे त्यांना तो पुरेसा आनंद देतो.

माथ्यावर पोहोचताच मनोऱ्याच्या दाराकडे वळू नये. आधी पाच दगडी धुराड्यांची ओळ पाहावी. जोसन काळात देशभरातील पाच मार्गांवरून डोंगरामागून डोंगरावर पेटवलेल्या जाळाचे संकेत शेवटी या ठिकाणी येत. दिवसा धूर आणि रात्री ज्वाळा. एक जाळ म्हणजे सारे क्षेम, दोन म्हणजे शत्रू दिसला, तीन म्हणजे तो सीमेजवळ आला, चार म्हणजे सीमा ओलांडली आणि पाच म्हणजे लढाई जुंपली. साधारण पाचशे वर्षे ही व्यवस्था चालली. आज दिसणारी धुराडी पुनर्बांधणीतून उभी राहिली आहेत. मागे उभा असलेला मनोराही मुळात संकेतांसाठीच, दूरचित्रवाणी आणि रेडिओच्या प्रक्षेपणासाठी, बांधला गेला, हे येथे उभे राहिले की आपोआप ध्यानात येते.

शेजारच्या अष्टकोनी मंडपाच्या जागी पूर्वी डोंगराच्या रक्षक देवतेचे देऊळ होते. खालच्या उतारावर शिंतो देवस्थान झाले त्याच वर्षी, १९२५ मध्ये, ते इनवांगसानवर हलवावे लागले. सोल शहराचा भौगोलिक मध्यबिंदू दर्शवणारी खूणही या माथ्यावर आहे. पटांगणाच्या कठड्यांना आणि लोखंडी झाडांना प्रेमी युगुलांनी लावलेली हजारो कुलुपे दिसतील; कुलूप लावायचे असेल तर लावावे, पण किल्ली उतारावर भिरकावू नये, कारण खाली पायवाट आणि जंगल आहे.

आता मनोऱ्याविषयी. १९६९ मध्ये काम सुरू होऊन १९७५ मध्ये तो उभा राहिला आणि १९८० मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झाला. त्याची स्वतःची उंची सुमारे २३६ मीटर आहे आणि डोंगर धरून टोक समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटरवर जाते. पटांगण आणि खालचे सज्जे विनामूल्य आहेत, तिकीट फक्त वरच्या निरीक्षण मजल्यांसाठी लागते. ते घ्यावे का, याचे उत्तर आकाशाकडे पाहून द्यावे. पटांगणावरून उत्तरेकडील दूरचा बुखानसान डोंगर कडांसह स्पष्ट दिसत असेल तर तिकीट जरूर घ्यावे, कारण पटांगणावर झाडे मधे येतात आणि संपूर्ण वर्तुळ फक्त वरूनच दिसते. बुखानसान पुसट असेल तर पैसे आणि वेळ वाचवावा. सज्जावरून दिवे लागताना पाहणे तेवढेच समाधान देते. तिकिटाला जोडून मिळणारी इतर मनोरंजनाची दालने मी घेत नाही आणि सुचवतही नाही.

वर गेल्यावर कोणत्या दिशेला आधी उभे राहायचे हे ठरवून घ्यावे, कारण प्रकाश तासाभरात बदलतो. सूर्य नैऋत्येकडे कललेला असताना उत्तरेचा देखावा उजळलेला असतो, म्हणून सुरुवात तिथून करावी. अगदी खाली म्योंगदोंग, त्यापलीकडे ग्योंगबोकगुंग राजवाड्याचे मोकळे आवार, त्याच्या पाठीशी बुगाकसान, डावीकडे इनवांगसानचे उघडे ग्रॅनाइट आणि सर्वांत मागे ८३६ मीटर उंचीचा बुखानसान. दुपारी जिच्या कडेने चढून आलो ती तटबंदी डोंगरांवरून कशी फिरते हे येथून जुळवता येते, आणि चार डोंगरांच्या ओंजळीत राजधानी वसवण्याचा तेजोचा विचार नकाशाविना समजतो. सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेकडे सरकावे. येउइदो बेटावरील सोनेरी काचांची, ‘६३’ याच नावाने ओळखली जाणारी इमारत त्या वेळी चमकते. अंधार पडला की दक्षिण बाजू धरावी. हान नदी आणि तिच्यावरील पुलांच्या दिव्यांच्या ओळी, पलीकडे गांगनाम, आणि आग्नेयेला ५५५ मीटर उंचीचा लोट्टे मनोरा. पायाशी दिसणारा अंधारा, झाडांचा मोठा पट्टा म्हणजे योंगसानची लष्करी जमीन. कित्येक दशके अमेरिकी सैन्याचा मुख्य तळ तेथे होता, म्हणून भर शहरात ती मोकळी राहिली.

खिडक्यांच्या काचांवर जगातील शहरांची नावे आणि अंतरे लिहिलेली आहेत. मुलांना त्यात रमता येते. छायाचित्रे घेताना काचेत आतले दिवे उमटतात, त्यासाठी कॅमेऱ्याचे भिंग काचेला टेकवून भोवती गडद रंगाचा रुमाल किंवा जाकीट धरावे.

उतरताना केबल कारच्या रांगेत न शिरता बसने चुंगमुरोला यावे. ज्यांना रात्री घरगुती चवीची आठवण येते त्यांनी डोंगराच्या दक्षिणेला इतेवॉन भागात जावे. तेथे भारतीय उपाहारगृहे आहेत आणि वरण-भातासारखे काहीतरी पानात पडते. शेवटच्या बसची वेळ वर चढतानाच थांब्यावर पाहून ठेवावी, म्हणजे मनोऱ्यावर मन शांत राहते. बसमधून उतरल्यावर एकदा मागे वळून वर पाहावे. रंग अजून निळा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून बुखानसानची वाट धरायला हरकत नाही.